निवाड्याचे आसन : कानचे परीक्षक मंडळ आणि साहित्यिक

१९६६ सालच्या मे महिन्यात कानच्या चित्रपट महोत्सवाचा विसावा वाढदिवस साजरा होत होता. त्या वर्षीच्या परीक्षक मंडळाची यादी वाचताना आम्ही थबकलो. चरित्रकार आंद्रे मोर्वा, कादंबरीकार मॉरिस झनव्वा, नाटककार आणि चित्रपटकार मार्सेल पान्योल, नाटककार मार्सेल आशार, कादंबरीकार झां जिओनो, नाटककार आर्मां सालाक्रू. यांपैकी प्रत्येकाने पूर्वी एकदा किंवा दोनदा याच मंडळाचे अध्यक्षपद भूषविले होते. पहिले चौघे फ्रेंच अकादमीचे सदस्य, उरलेले दोघे गोंकूर अकादमीचे. वाढदिवसानिमित्त जुन्या अध्यक्षांना पुन्हा बोलावले होते, आणि त्या सर्वांच्या वर, अध्यक्षांच्या खुर्चीत, सोफिया लॉरेन बसल्या होत्या. त्यांचे वय एकतीस; मोर्वा ऐंशीचे.

या दृश्यात गंमत आहे, तशी थोडी बोचही आहे. निदान साहित्य शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना ती जाणवते. एका मोठ्या कलेचा निवाडा करण्याचा अधिकार एका व्यवसायाकडून दुसऱ्या व्यवसायाकडे गेला, आणि तो ज्या काळात गेला त्या काळाच्या मधोमध हे दृश्य उभे आहे. महोत्सवांचा इतिहास सामान्यतः पारितोषिकप्राप्त चित्रपटांच्या अंगाने लिहिला जातो. पारितोषिक देणारे कोण होते, पोटापाण्यासाठी काय करीत होते, आणि त्यांनाच का बोलावले गेले, हे प्रश्न मागे राहतात. या लेखात आम्ही त्यांच्याकडे वळू इच्छितो.

मुळात या महोत्सवाची कल्पनाच एका परीक्षकाला सुचली. फिलिप एर्लांजे हे इतिहासकार आणि परराष्ट्र खात्याशी संबंधित सांस्कृतिक अधिकारी. १९३८ साली व्हेनिसच्या महोत्सवात ते फ्रान्सतर्फे परीक्षक होते. तेथे मुसोलिनीच्या नावाचा सर्वोच्च चषक लेनी रीफेनश्टालच्या 'ऑलिम्पिया'ला आणि एका इटालियन वैमानिकपटाला विभागून दिला गेला. राजकीय दडपणाखाली झालेल्या या निवाड्याने अस्वस्थ होऊन एर्लांजे परतले आणि स्वतंत्र महोत्सवाची योजना त्यांनी सरकारपुढे मांडली. शिक्षणमंत्री झां झे यांनी ती उचलून धरली. उद्घाटन १ सप्टेंबर १९३९ रोजी ठरले होते. त्याच दिवशी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या आणि महोत्सव बारगळला. झां झे यांची १९४४ साली फ्रेंच फॅसिस्ट टोळीने हत्या केली. महोत्सव प्रत्यक्षात १९४६च्या सप्टेंबरात भरला, तो त्यांना पाहता आला नाही.

जो महोत्सव निःपक्ष निवाड्यासाठी जन्मला त्याला पंच कोठून आणायचे, हा पहिलाच पेच होता. १९४६ साली उत्तर मुत्सद्देगिरीचे निघाले : भाग घेणाऱ्या देशांचे प्रतिनिधी मंडळावर घ्यायचे. त्यामुळे ती यादी मोठी बहुरंगी झाली. अमेरिकेच्या आयरिस बॅरी मूळच्या कवयित्री व समीक्षक, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील चित्रपट विभाग त्यांनी उभा केला होता. मेक्सिकोचे रोदोल्फो उसिग्ली नाटककार, इजिप्तचे युसुफ वहबी रंगभूमीचे नट, रशियाचे गेरासिमोव्ह दिग्दर्शक. अध्यक्ष जॉर्ज ह्यूस्मां मात्र यांपैकी कोणीच नव्हते. ते अभिलेखागाराची विद्या शिकलेले इतिहासकार आणि ललितकला खात्याचे माजी प्रमुख. एवढ्या देशांना खूश ठेवायचे म्हटल्यावर सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांत वाटले गेले, आणि त्यांतला एक चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. आपल्याकडे हा विजय अभिमानाने सांगितला जातो, तो सांगावाही. पण अकरांपैकी एक हे सांगायचे बहुधा राहून जाते.

पुढे प्रतिनिधी गेले आणि साहित्यिक आले. १९५१पासून १९६३पर्यंतच्या तेरा महोत्सवांपैकी अकरांचे अध्यक्ष लेखक आहेत. मोर्वा दोनदा, झनव्वा, झां कॉक्तो दोनदा, पान्योल, आशार दोनदा, ज्योर्ज सिमेनॉन, जिओनो, सालाक्रू. उरलेल्या दोघांपैकी १९५६चे मॉरिस लेमान नाट्यनिर्माते आणि १९६२चे तेत्सुरो फुरुकाकी जपानी मुत्सद्दी. यांत कॉक्तो आणि पान्योल हे चित्रपटही काढणारे लेखक होते हे खरे. पान्योल यांच्यासाठी आपल्याकडचे आचार्य अत्रे डोळ्यांसमोर आणावेत : नाटकाच्या यशावर चित्रपटात उतरलेला आणि दोन्हीकडे स्वतःच्याच तोऱ्यात वागणारा माणूस. परंतु अध्यक्षपद त्यांना लाभले ते साहित्यातील स्थानामुळे, असे आमचे मत आहे. चित्रपटकाराच्या व्यवसायाला तेव्हा त्या समाजात तेवढे वजनच नव्हते. फ्रेंच अकादमीच्या चाळीस आसनांपैकी एकावर केवळ चित्रपटकार म्हणून कोणी बसायला १९६० साल उजाडावे लागले. ते रने क्लेअर. ज्या कलेची स्वतःची अकादमी नाही तिने शेजारच्या कलेकडून प्रतिष्ठा उसनी आणावी, हे स्वाभाविकच होते.

अध्यक्षांच्या खाली कोण बसत असे हेही पाहण्यासारखे आहे. १९५४चे मंडळ घ्या. अध्यक्ष कॉक्तो. सदस्यांत संगीतकार झाक इबेर, एक संसदसदस्य, कामगार संघटनेचा एक पदाधिकारी, खुद्द एर्लांजे. शिवाय दिग्दर्शक लुई बुन्युएल, पटकथाकार झां ओरांश आणि समीक्षक आंद्रे बाझां. ही शेवटची दोन नावे शेजारी ठेवून वाचावीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत बाझां संपादक असलेल्या 'काये द्यू सिनेमा' या मासिकात फ्रांस्वा त्रुफो नावाच्या बावीस वर्षे वयाच्या आतल्या तरुणाचा लेख आला होता. फ्रेंच चित्रपट साहित्यकृतींच्या सफाईदार रूपांतरांत गुदमरला आहे, असा त्याचा आरोप होता, आणि हल्ल्याचे मुख्य लक्ष्य ओरांश व त्यांचे सहलेखक पियेर बॉस्त होते. लेख छापणारा आणि लेखात झोडपला गेलेला असे दोघे काही आठवड्यांच्या अंतराने एकाच मंडळावर बसले. बुन्युएल वगळता ते मंडळ जवळजवळ संपूर्णपणे फ्रेंच होते. या मंडळाने सर्वोच्च सन्मान जपानच्या 'जिगोकुमोन'ला दिला, आणि इतर पारितोषिकांत बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'चा समावेश होता.

आता एक आपल्या घरचा प्रसंग. १९५२ साली स्पर्धेत व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' होता. होनाजी बाळाच्या आयुष्यावरचा, लावणी आणि भूपाळी यांच्यात हेलकावणारा, पेशवाईच्या अखेरच्या काळातला मराठी चित्रपट. अध्यक्ष होते झनव्वा : फ्रान्सच्या सोलोन्य भागातील रानावनांचे, शिकाऱ्यांचे आणि पहिल्या महायुद्धातील खंदकांचे कादंबरीकार. सदस्यांत रेमों क्नो होते. भाषेचे खेळ खेळणारा असा लेखक त्या पिढीत क्वचितच दुसरा असेल. म्हणजे एका शाहिराचे चरित्र शब्दांत जगणाऱ्या माणसांपुढे आले, पण शब्द मात्र त्यांच्यापर्यंत पोचणे कठीण. भूपाळीतले पहाटेचे गारपण, कवनातला ठसका, 'शाहीर' या शब्दाभोवतीचे सामाजिक कंगोरे, यांपैकी उपशीर्षकांतून काय उरले असेल? साहित्यिक परीक्षकाची मर्यादा येथे नेमकी दिसते. त्याचे सर्वांत धारदार हत्यार भाषा. परदेशी चित्रपटापुढे तेच हत्यार बोथट होते, आणि तोही इतरांसारखाच चेहरे, प्रकाश आणि हालचाली पाहणारा प्रेक्षक उरतो. त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक ऑर्सन वेल्सच्या 'ऑथेल्लो'ला आणि कास्तेलानींच्या एका इटालियन चित्रपटाला विभागून मिळाले. 'ऑथेल्लो'ची कथा प्रत्येक परीक्षकाला आधीच ठाऊक होती, हा योगायोग म्हणून सोडून द्यायला आमचे मन घेत नाही. पण त्यावरून फार मोठा निष्कर्षही काढता येणार नाही.

कारण साहित्यिकांनी साहित्यिक चित्रपटच निवडले, हा आक्षेप निकालांपुढे टिकत नाही. १९५९ साली आशार यांच्या मंडळाने दिग्दर्शनाचे पारितोषिक 'फोर हंड्रेड ब्लोज'साठी त्रुफोला दिले. याच त्रुफोला, महोत्सवावर केलेल्या कडवट टीकेमुळे, आदल्या वर्षी पत्रकार म्हणून प्रवेशही नाकारला गेला होता. आशार म्हणजे हलक्याफुलक्या नाटकांचे लेखक, त्याच वर्षी अकादमीवर निवडले गेलेले, अर्थात त्रुफो ज्या जगावर तुटून पडत होता त्या जगातलेच. पुढच्या वर्षी सिमेनॉन आले. ते बेल्जियन, फ्रेंच नसलेले पहिले अध्यक्ष. त्यांच्याबरोबर हेन्री मिलर. आपण मजा करायला आलो आहोत, मत तुम्ही म्हणाल त्याला देऊ, असे मिलर यांनी आल्याआल्याच सांगून टाकले होते, अशी हकिकत सिमेनॉन यांनीच पुढे सांगितली. (मिलर यांचे हे वर्तन एखाद्या साहित्य पुरस्काराच्या निवड समितीत घडले असते तर आपल्याकडे त्यावर दोन विशेषांक निघाले असते. असो.) या मंडळाने फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'ला सुवर्णताड दिला आणि ज्या 'लाव्हेन्तुरा'ची प्रेक्षकांनी भर सभागृहात हुर्यो उडविली होती त्यालाही परीक्षकांचे विशेष पारितोषिक दिले. अंतोनिओनीच्या त्या चित्रपटात एक स्त्री हरवते, आणि तिचा शोधच हळूहळू विसरला जातो. आयुष्यभर रहस्यकथा लिहिणाऱ्या, मेग्रेसारखा पोलीस अधिकारी निर्माण करणाऱ्या लेखकाच्या अध्यक्षतेखाली उत्तर नसलेल्या रहस्याचा सन्मान व्हावा, हे आम्हांला त्या वर्षीच्या निकालातले सर्वांत सुंदर वाटते.

१९६१चे जिओनो त्यांच्या कादंबऱ्यांतल्या प्रोव्हान्सच्या डोंगरांइतकेच एकांतप्रिय. त्यांच्या मंडळाने सुवर्णताड विभागून दिला. एक भाग मार्गरीत द्युरास यांनी सहलेखन केलेल्या एका फ्रेंच चित्रपटाला, दुसरा बुन्युएलच्या 'विरिदियाना'ला. 'विरिदियाना'ने व्हॅटिकनचे मुखपत्र खवळले, फ्रँकोच्या स्पेनने तो चित्रपट आपला नव्हेच अशी भूमिका घेतली, आणि व्यासपीठावर जाऊन पारितोषिक स्वीकारणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्याला पद गमवावे लागले. वृद्ध साहित्यिकांचे मंडळ म्हणजे भिडस्तपणा, असे मानणाऱ्यांनी हे वर्ष जरूर आठवावे.

मग साहित्यिक परीक्षकाचे वैशिष्ट्य कोणते? येथे 'ज्यूरी' या शब्दाकडे वळावे लागेल. मराठीत आपण 'परीक्षक' म्हणतो तेव्हा उत्तरपत्रिका तपासणारा, विषयातला अधिकारी माणूस डोळ्यांसमोर येतो. न्यायालयातली ज्यूरी नेमकी उलट : कायद्याच्या व्यवसायाबाहेरची माणसे घेऊन बनविलेली. मुंबईकरांना १९५९चा नानावटी खटला आठवेल. तेथील ज्यूरीचा निर्णय उच्च न्यायालयाने बाजूला सारला आणि भारतातील ज्यूरी पद्धत त्यानंतर लवकरच मावळली. बाहेरच्या माणसावर किती भरवसा ठेवायचा हा वाद तेथे होता, आणि तोच थोड्या वेगळ्या वेषात कानलाही होता. लेखक हा जाणकार, पण बाहेरचा. त्याला कथा कळते, रचना कळते, खोटे शब्द ओळखता येतात. मात्र भिंग कोणते वापरले, निर्मात्याने किती पैसे अडविले, पुढल्या वर्षी या दिग्दर्शकाकडे आपल्याला काम मिळेल की नाही, यांच्याशी त्याचे देणेघेणे नाही. त्याच्या निःपक्षपातीपणाचा पाया या अलिप्ततेत होता, आणि त्याच्यावरच्या टीकेचाही. ज्याने कधी कॅमेऱ्यामागे उभे राहून पाहिले नाही त्याने दिग्दर्शनाचा निवाडा कसा करावा, असे 'काये'चे तरुण विचारीत. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा लेखक, असे एकदा म्हटले की खऱ्या लेखकाची खुर्ची डळमळणारच.

ती डळमळली १९६०च्या दशकात. १९६२ साली त्रुफो स्वतःच परीक्षक झाला. प्रवेशबंदीपासून परीक्षकपदापर्यंतचे अंतर चार वर्षांचे. १९६४ साली फ्रिट्झ लँग हे दिग्दर्शक अध्यक्ष झाले, जरी त्यांच्या मंडळात आर्थर श्लेसिंजर यांच्यासारखा इतिहासकार होता. १९६५ साली ऑलिव्हिया द हॅविलंड, पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्यांच्या हाताखाली मोर्वा आणि आलँ रोब-ग्रिये. एकोणिसाव्या शतकात जन्मलेला चरित्रकार आणि नव्या कादंबरीचा प्रवक्ता, एका हॉलिवूड अभिनेत्रीच्या अध्यक्षतेखाली! त्यानंतर १९६६चे ते दृश्य, ज्याने आम्ही लेखाचा आरंभ केला.

१९६८ने उरलेले काम केले. त्या वर्षी अध्यक्षपद पुन्हा एका अकादमी सदस्याकडे होते. आंद्रे शांसों हे कादंबरीकार आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख; ह्यूस्मां यांच्याप्रमाणे तेही अभिलेखविद्येचेच पदवीधर. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होते, कारखाने बंद पडत होते. परीक्षक मंडळातून लुई माल, रोमान पोलान्स्की, मोनिका विट्टी आणि टेरेन्स यंग बाहेर पडले : तीन दिग्दर्शक आणि एक अभिनेत्री. कार्लोस साउरा यांनी स्वतःच्या चित्रपटाचे प्रदर्शन रोखण्यासाठी पडद्याला लटकून तो धरून ठेवला. १९ मे रोजी महोत्सव मुदतीआधीच बंद झाला, पारितोषिके दिलीच गेली नाहीत. बाहेर पडलेले चौघेही चित्रपटाच्या व्यवसायातले होते, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. महोत्सव थांबविण्याचा अधिकार आपला आहे असे ज्यांना वाटले, त्यांचाच तो व्यवसाय होता.

यानंतर साहित्यिक अध्यक्ष संपले नाहीत, विरळ झाले. १९६४ ते १९८३ या वीस महोत्सवांत पाच : शांसों, १९७०चे नोबेल विजेते मिगेल आंखेल आस्तुरियास, १९७६चे टेनेसी विल्यम्स, १९७९च्या फ्रांस्वाज सागां आणि १९८३चे विल्यम स्टायरन. यांतले दोन तर अडचणीचेच ठरले. विल्यम्स यांनी पडद्यावरील हिंसेविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि त्यांच्याच मंडळाने 'टॅक्सी ड्रायव्हर'ला सुवर्णताड दिला. मंडळात मारिओ व्हार्गास योसा होते, कोस्ता-गाव्रास होते. सागां यांची कथा अधिक कटू. त्यांच्या वर्षी सन्मान ग्युंटर ग्रासच्या कादंबरीवरील 'टिन ड्रम' आणि कोपोलाचा 'अपॉकॅलिप्स नाऊ' यांच्यात विभागला गेला. काही महिन्यांनी सागां यांनी, कोपोलाच्या बाजूने मंडळावर दबाव आणला गेला, असे उघड सांगितले. महोत्सवाच्या बाजूने उत्तर आले ते त्यांच्या हॉटेलच्या खर्चाचे. व्हेनिसच्या दबावाला उत्तर म्हणून जन्मलेल्या महोत्सवात दबावाचा आरोप जाहीरपणे केला तो एका कादंबरीकार स्त्रीने. ती चित्रपटाच्या व्यवसायावर अवलंबून नव्हती, म्हणूनच तिला तो करता आला, असे आम्ही समजतो.

स्टायरन यांच्यानंतर, १९८४पासून २०२५पर्यंत, प्रामुख्याने लेखक म्हणून ओळखली जाणारी एकही व्यक्ती अध्यक्ष झालेली नाही. (१९८४चे डर्क बोगार्ड यांनी कादंबऱ्या लिहिल्या होत्या, पण त्यांना बोलावले ते नट म्हणून.) लेखकासाठी उरली ती बहुधा एखादी खुर्ची. १९८२ साली गाब्रिएल गार्सिया मार्केस तिच्यावर बसले, त्याच मंडळात मृणाल सेन होते. मार्केस यांना नोबेल मिळाले ते त्यानंतर पाच महिन्यांनी. १९९४ साली काझुओ इशिगुरो, २००० साली अरुंधती रॉय, २००५ साली टोनी मॉरिसन, २००७ साली ओरहान पामुक. १९९७ साली पॉल ऑस्टर आणि मायकेल ओन्डाचे असे दोन लेखक आणि एक बॅले नर्तकही होता, पण ते विरळाच. पूर्वी नियमाने दिसणारा समीक्षकही आता दुर्मीळ झाला. १९५४ साली बाझां ज्या खुर्चीवर होते तेथे आता बहुधा नट-नटी असतात, आणि त्यामागे लाल पायघड्यांवरच्या छायाचित्रांचाही विचार असतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

हे वाचून साहित्याच्या गतवैभवाबद्दल हळहळण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. साहित्यिकांच्या त्या सुवर्णकाळातल्या अध्यक्षांत स्त्री एकही नाही. अकादमीने पहिली स्त्री निवडली ती १९८० साली, मार्गरीत युर्सनार. मग अकादमीकडून अध्यक्ष उसने घेणाऱ्या महोत्सवाकडून वेगळी अपेक्षा काय करणार? अधिकार चित्रपटवाल्यांकडे गेल्याबरोबर मात्र अकरा वर्षांत पाच स्त्रिया अध्यक्ष झाल्या : द हॅविलंड, लॉरेन, मिशेल मॉर्गन, इंग्रिड बर्गमन, जान मोरो. पाचही अभिनेत्री. ज्या व्यवसायाला साहित्यिक जग दुय्यम मानत होते त्यानेच हे दार उघडले. १९६६च्या दृश्याकडे पाहताना आम्हांला वाटलेली बोच कितपत न्याय्य होती, हा प्रश्न येथे आम्हांला स्वतःलाच विचारावा लागतो. मोर्वा आणि पान्योल यांचे अवमूल्यन झाले असे आम्ही चटकन मानले. लॉरेन यांनी तोवर डी सिकाच्या 'टू विमेन'मधल्या कामासाठी कानचेच अभिनयाचे पारितोषिक मिळविले होते, हे आम्हांला नंतर आठवले. तेही दिले होते जिओनो यांच्या मंडळाने.

अलीकडची एक नोंद व्हेनिसची आहे, पण मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची. २०२० साली तेथे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला पटकथेचे पारितोषिक मिळाले. केट ब्लँचेट यांच्या अध्यक्षतेखालील त्या मंडळात दिग्दर्शक आणि नट यांच्या जोडीला एक कादंबरीकार होता, इटलीचे निकोला लाजोया. 'अमर भूपाळी'प्रमाणे याही चित्रपटाच्या केंद्रस्थानी गाणे आहे, आणि परक्या भाषेतल्या परीक्षकांनी या वेळी नेमके त्यातल्या लेखनालाच वाखाणले.

कानला २०२५ साली झुलिएत बिनोश अध्यक्ष होत्या. मंडळातल्या नऊ जणांत चार नट-नटी, चार दिग्दर्शक आणि एक कादंबरीकार, लैला स्लिमानी. दिग्दर्शकांपैकी एक पायल कपाडिया. आदल्या वर्षी याच महोत्सवात त्यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला द्वितीय क्रमांकाचे ग्रां प्री मिळाले होते, आणि मुंबईत घडणाऱ्या त्या चित्रपटातले रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मराठी संवाद त्या मंडळानेही उपशीर्षकांतूनच ऐकले होते.